1943 च्या जन्मतारखेने पकडून दिलेला बग : जॅक्सन आणि लोकलडेटसोबत आठ महिने

आमचं पेन्शनधारकांचं अ‍ॅप स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर आहे, जेसॉनचं (डेटा मजकुरात मांडायच्या फॉरमॅटचं) काम जॅक्सन या लायब्ररीकडे. आठ महिन्यांपूर्वी जन्मतारखा एक दिवस मागे दिसू लागल्या. फील्ड जावाच्या जुन्या 'डेट' क्लासचं होतं. आपल्याकडे 15 ऑगस्टची मध्यरात्र झाली की यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) 14 तारखेची संध्याकाळ, साडेसहा. आणि वेगळं सांगितलं नाही तर जॅक्सन यूटीसीच धरतो. सीआयचं (टेस्ट आपोआप चालवणारं) मशीन स्वतःच यूटीसीत, त्यामुळे तिथे सगळं हिरवंगार.

सगळे करतात तेच केलं : फील्डवरच्या अ‍ॅनोटेशनमध्ये (जॅक्सनसाठीच्या सूचनेत) 'जीएमटी+5:30' लिहून मोकळे झालो. मग एका युनिट टेस्टमध्ये सहज 1943 ची तारीख टाकली, तर ती पुन्हा एक दिवस मागे! 1944 चीही तीच गत, 1946 ची मात्र बरोबर. अर्धा दिवस डोकं खाजवण्यात गेला. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं तासभर पुढे केली होती. सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945 आपण यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतो. 'एशिया/कोलकाता' झोनला हे ठाऊक आहे, नुसत्या +5:30 ला नाही. झोनने दिलेली मध्यरात्र +5:30 कडे आदल्या रात्रीचे अकरा होऊन पोचते. आमचे निम्मे पेन्शनर त्याच काळातले, म्हणजे बघा.

तेव्हा सगळीकडे लोकलडेट (जावाचा फक्त तारीख ठेवणारा क्लास) आणलं. जन्मतारखेला घड्याळ नसतंच, मग झोन हवाय कशाला? तेव्हापासून ही तक्रार नाही. त्रास झाला तो टेस्टमध्ये. स्प्रिंग बूट जे आपोआप जोडून देतो, ते हाताने बनवलेल्या ऑब्जेक्टमॅपरला (जेसॉन लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या जॅक्सनच्या ऑब्जेक्टला) नसतं. जॅक्सन 2 मध्ये लोकलडेटसाठी लागणारं जावाटाइममॉड्यूल जोडलं तरी तारीख तीन आकड्यांच्या अ‍ॅरेत येते. टाइमस्टॅम्पचं सेटिंग वेगळं बंद करावं लागतं.

आता जेयुनिट या टेस्टच्या लायब्ररीतल्या पॅरामीटराइज्ड टेस्टमध्ये तीन झोन आणि पाच तारखा फिरवतो. डीफॉल्ट झोन पूर्ण जेव्हीएमचा (चालू असलेल्या सगळ्या जावा प्रोग्रॅमचा) असतो, म्हणून टेस्टनंतर तो परत लावायचा आणि या टेस्ट पॅरलल चालवायच्या नाहीत. 'आज' लागतो तिथे क्लॉक (सध्याची वेळ सांगणारं जावाचं ऑब्जेक्ट) बाहेरून देतो.

एक खुपतंच. 31 फेब्रुवारी दिली तर तारखेचा मजकूर वाचणारा फॉरमॅटर गुपचूप महिन्याची शेवटची तारीख धरतो. स्ट्रिक्ट केलं, तर पॅटर्नमध्ये वर्षासाठी वायच्या जागी यू लिहावा लागतो, नाहीतर तो इसवी सनापूर्वीचं की नंतरचं हे विचारत अडून बसतो.