बॉर्डर कॉली ९ महिने शेळ्यांमागे: निफाडकडचा अनुभव

आमच्याकडे २६ शेळ्या आहेत, बहुतेक संगमनेरी. गाव निफाड तालुक्यात आणि गायरानाला जायच्या वाटेवर दोन्ही अंगांना द्राक्षबागा. ज्याने शेळ्या राखल्यात त्याला एवढ्यावरून सगळं कळेल. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुटायला लागते, तेव्हा एक शेळी ओळीत शिरली तरी बघता बघता कोवळे शेंडे साफ होतात. वर ताजी फवारणी झालेली असेल तर शेळीच्या जिवाचीही धास्ती. यावरून शेजाऱ्यांशी दोनदा बोलाचाली झाली, म्हणून हाकणारं कुत्रं आणायचं ठरवलं.

आमची बॉर्डर कॉली कुत्री मैना सप्टेंबरमध्ये आली, तेव्हा ११ महिन्यांची होती. नाशिक शहरातल्या एका कुटुंबाने तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिला पाळलं होतं. घरातली मुलं पळाली की ही वळसा घालून त्यांच्या टाचांना तोंड लावायची, पंख्याच्या सावलीवर तासन् तास झेपा घ्यायची. माणसं जीव लावणारी होती, पण थकली. दिवसातून दोनदा फिरवून आणल्याने हे कुत्रं भागत नाही. फ्लॅटमध्ये बॉर्डर कॉली घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, घेऊ नका.

ही जात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांनी घडवली. १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेला ओल्ड हेम्प हा तिचा मूळपुरुष मानतात. तो न भुंकता, नुसत्या नजरेच्या धाकाने मेंढ्या हलवायचा असं सांगतात. शिकारी जनावर सावज हेरतं, दबा धरतं, पाठलाग करतं आणि शेवटी धरतं. यातलं हेरणं आणि दबा धरणं पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलं, धरणं दाबत नेलं. हे मी वाचलं होतं, पण खरं कळलं ते खळ्यात.

लांब दोरी बांधून मी तिला पाच शेळ्यांसमोर उभं केलं. मैनेने मान खांद्याखाली घातली, शेपूट पायांत ओढलं, पुढचा एक पाय उचलला आणि तो तसाच अधांतरी धरून ठेवला. शेळ्यांचं रवंथ थांबलं. मी बाभळीकडे सरकलो, तर ती आपणहून समोरच्या बांधाकडे सरकली. मी परत आलो, तीही आली. कळप मधे आणि ती बरोबर माझ्या समोर. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

शिकवावं लागलं ते थांबणं. ‘बस’ हा एक शब्द कळपासमोर पक्का व्हायला दोन महिने गेले. बाकीचे शब्द आम्ही आमचेच ठेवले: डावं, उजवं, हळू आणि काम संपलं की ‘पुरे’. आवाज चढवून चालत नाही. एकदा मी वैतागून ओरडलो, तर ती पोटावर सरपटत विहिरीच्या कठड्यामागे जाऊन बसली आणि त्या संध्याकाळी शेळ्यांकडे बघेना. मन फार हळवं आहे. मारून शिकवणाऱ्याच्या हाती हे कुत्रं वाया जाईल.

शेळ्यांचं काम मेंढ्यांपेक्षा अवघड, हे आधी ध्यानात घ्या. मेंढी घाबरली की कळपात घुसते, शेळी वळून शिंगं दाखवते. आमच्या बोकडाने पहिल्याच महिन्यात मैनेला बरगडीत धडक दिली. ती आठवडाभर त्याच्या बाजूला फिरकली नाही. मग मी स्वतः तिच्या शेजारी चालत बोकडाला मागे सारायला लागलो, तेव्हा तिची भीड चेपली. आता तो वाट अडवून उभा राहिला तर ती जागेवर थांबते, नजर काढत नाही आणि शेवटी तोच तोंड फिरवतो.

चूक झाली ती डिसेंबरात, आणि ती माझी. फोन आला म्हणून मी बांधापलीकडे गेलो, मैना मोकळीच. काम थांबवायला कोणी नाही म्हणून ती हाकतच राहिली आणि तिने सगळा कळप काटेरी तारेच्या कुंपणाला दाबून धरला. एका दुभत्या शेळीची कास फाटली, टाके घालावे लागले. त्या दिवसापासून मी नसताना मैना साखळीला.

बिबट्याबद्दल सगळेच विचारतात. आमच्याकडे ऊस आहे, बिबट्या आहे. पण हे राखणीचं कुत्रं नव्हे. जानेवारीत शेजारच्या रानात धनगरांच्या मेंढ्या खतासाठी बसल्या होत्या. त्यांची दोन कुत्री दिवसभर मेंढरांत लोळायची, कोणाला हाकायची नाहीत, पण अंधार पडला की मेंढरांच्या वाड्याच्या कडेला जाऊन बसायची आणि पाचोळा वाजला तरी उठायची. म्हाताऱ्या बाबांनी मैनेचं काम पाऊण तास उकिडवं बसून पाहिलं. म्हणाले, “गुणाची हाय. पर ही हाकणारी, राखणारी न्हाई. रातीला घरात घ्या हिला.” बिबट्या कुत्रीही उचलतो, म्हणून ती रात्री पडवीत, दार लावून झोपते.

औषधाचं एक महत्त्वाचं. कॉली वंशाच्या काही कुत्र्यांत एमडीआर१ नावाच्या जनुकात दोष असतो आणि त्यांना आयव्हरमेक्टिन विषासारखं बाधू शकतं. बॉर्डर कॉलीत तो कमी आढळतो, पण शेळ्यांना जंतासाठी आपण सर्रास तेच देतो. औषध दिल्यावर सांडलेलं पुसा, रिकामी बाटली उचला आणि पुढचे काही दिवस लेंड्यांत तोंड घालू देऊ नका.

थंडीत निफाडचा पारा एक आकडी उतरला, तेव्हा मैना सगळ्यात खुशीत होती. मार्चपासून चित्र पालटलं. ऊन चढलं की जीभ लांब बाहेर, तरी काम सोडत नाही. म्हणून आपणच सोडवायचं. आता मे महिन्यात पहाटे साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी सहानंतर, एवढंच काम. दुपारी ती पाण्याच्या टाकीखालच्या ओल्या वाळूत पोट टेकून असते. गोचिडांसाठी कान आणि बोटांमधल्या फटी रोज तपासतो.

या हंगामात बागेत एकही शेळी शिरली नाही. पूर्वी कळपामागे दोघं लागायचो, आता मी एकटा पुरतो. जूनमध्ये नऊ शेळ्या वितील. ताजी व्यालेली शेळी कुत्र्यावर चाल करून जाते, त्यामुळे महिनाभर मैनेला त्यांच्यापासून लांब ठेवून फक्त पाटी (न व्यालेल्या तरण्या शेळ्या) आणि बोकड तिच्याकडे द्यायचे, असं ठरवलंय.