राजस्थान ग्रुप टूर रिव्ह्यू: घाईवाल्यांना पाच स्टार, निवांत माणसांना साडेतीन

टूर चांगली झाली हे आधीच सांगून टाकते, नाहीतर खालचं वाचून लोक म्हणतील बाई रडतच परत आली. हॉटेलं स्वच्छ होती, बस वेळेवर, जेवणात गरम वरणभात मिळत होता आणि टूर मॅनेजर म्हणून आलेला मुलगा तर फारच गुणी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मला जे बोलायचंय ते त्या एकट्या कंपनीबद्दल नाहीच, आपल्या बऱ्याच मराठी टूर कंपन्यांचा कारभार असाच चालतो. रूट नेहमीचाच, उदयपूर, कुंभलगड, राणकपूर, जोधपूर, जैसलमेर. मी आणि माझी मोठी बहीण, ट्विन शेअरिंग.

तर मुद्दा असा की ग्रुप टूर एकाच प्रकारच्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून बनवतात, आणि तो माणूस म्हणजे आमची ताई.

ज्यांनी अशी टूर केलीये त्यांना पाच-सहा-सात हे वेगळं सांगायला नको. पाचला वेकअप कॉल, सहाला नाश्ता, सातला बस हलणार. रात्री जेवताना मॅनेजर उभा राहून म्हणतो "उद्या पाच-सहा-सात बरं का मंडळी" आणि त्या क्षणी हॉलमधल्या माणसांचे दोन गट पडतात, अर्ध्यांचे चेहरे पडतात आणि उरलेल्यांचे चक्क खुलतात. ताई खुलणाऱ्यांतली. बँकेतून रिटायर झालीये पण अंगातली बँक काही जात नाही. पाचचा फोन वाजायच्या आत तिची आंघोळ झालेली, बॅगेला कुलूप, बॅग दाराबाहेर, आणि फोन वाजला की पहिल्या रिंगला उचलून त्या रिसेप्शनवाल्याला सांगणार, "उठलोय आम्ही". आम्ही कसले, मी पांघरुणात! बरं मला उठवताना सुद्धा एकदाच हाक मारेल असं नाही, "अगं ऊठ, पाच वाजून सात मिनिटं झाली", मग "अगं, अकरा मिनिटं झाली", म्हणजे जणू मी काही ट्रेन चालवणारे.

मला बी.ए.ला सायकॉलॉजी होतं त्यामुळे टाइप ए आणि टाइप बी हे प्रकरण ओळखीचं होतं, पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि एका बसमध्ये आठवडाभर दोन्ही नमुने बघणं वेगळं. सॅन फ्रान्सिस्कोचे मेयर फ्रीडमन आणि रे रोझनमन म्हणून दोन हार्टचे डॉक्टर होते, त्यांनी १९५९ साली हे मांडलं. किस्सा असा सांगतात की त्यांच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्यांचं कापड बदलायला आलेल्या माणसाच्या लक्षात आलं की या खुर्च्या फक्त पुढच्या कडेलाच झिजल्यात, म्हणजे पेशंट टेकून बसतच नाहीत, कधी एकदा नंबर येतोय म्हणून टोकावर बसून राहतात. सतत घड्याळ, सतत चढाओढ आणि जरा काही अडलं की चिडचिड, तो टाइप ए. आणि हे सगळं ज्याच्यात कमी तो टाइप बी. टाइप बी म्हणजे आळशी नव्हे हं, काम तोही करतो, फक्त घड्याळ उरावर घेऊन करत नाही. (हे वाक्य ताईसाठी, ती हा रिव्ह्यू वाचणार आहे.)

आमच्या बसच्या पहिल्या दोन रांगांच्या सीटांचं पुढे काय झालं ते कंपनीने तपासून बघावं.

जोधपूरच्या मेहरानगडावर तर मला हसू आवरेना. केवढा तो किल्ला, राव जोधाने १४५९ मध्ये बांधायला घेतला, आणि गाईड मिळाला एकदम निवांत, वय झालेला, प्रत्येक वाक्याच्या मध्ये थांबणारा. लोहापोळ नावाच्या दरवाजापाशी भिंतीवर सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत, तिथे तो उभा राहिला आणि म्हणाला, "ये जो आप हाथ देख रहे हैं... ये..." की आमच्यातले एक काका लगेच, "सती, सती, मालूम है, आगे चलो." पुढच्या दरवाजाशी तेच, महालात तेच, बिचाऱ्याचं एक वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. गंमत म्हणजे त्या दोन डॉक्टरांची टाइप ए ओळखायची पद्धत साधारण हीच होती, मुलाखत घेणारा काही प्रश्न मुद्दाम अडखळत, रेंगाळत विचारायचा आणि समोरचा मध्येच तोंड घालून वाक्य पुरं करतो का ते बघायचे. उत्तर काय दिलं यापेक्षा कसं दिलं याला महत्त्व. आमच्या गाईडने फुकटात तीच टेस्ट घेतली आणि अर्धी बस पास झाली! आम्ही चार-पाच जणं मागे रेंगाळलो म्हणून आम्हाला त्याने झरोक्यांची माहिती सावकाश सांगितली, खाली निळी घरं दिसतात ती जागा दाखवली, आणि तेवढ्यात खालून शिट्टी. टूर मॅनेजरकडे शिट्टी असते हे माहितीये ना? शाळेच्या सहलीत असते तसलीच.

आता घाईचा कळस म्हणजे राणकपूर. आदला मुक्काम कुंभलगडाजवळ होता, सकाळी उठून जरा किल्ल्यावर परत एक चक्कर मारावी असं मला फार वाटत होतं, कारण ती छत्तीस किलोमीटरची तटबंदी आम्ही आदल्या संध्याकाळी पळतपळत बघितली होती, महाराणा प्रताप जन्मले ती जागा तर "ती बघा तिकडे वर" एवढीच. पण नाही, पाच-सहा-सात. सातला निघालो, पुढच्या सीटवरची मंडळी खूश, नऊच्या आत राणकपूरला हजर, आणि देवळाच्या दारात कळलं की सकाळची वेळ पूजेची, टुरिस्टांना बारा वाजता सोडतात. तीन तास! ज्या देवळात १४४४ खांब आहेत, त्यातला एक दुसऱ्यासारखा नाही म्हणतात, त्याच्या बाहेर आम्ही तीन तास झाडाखाली. टाइप बी मंडळींनी चपला काढल्या, कोणी पेंगलं, कोणी डबे उघडले, मी माकडं बघत बसले. ताई आणि ते काका पंधरा पंधरा मिनिटांनी गेटवर जाऊन विचारून येत होते, जसं काही विचारल्याने बारा लवकर वाजणार. ही चूक मात्र सरळ कंपनीची आहे, ही वेळ काही आजची नवी नाही, जरा चौकशी केली असती तर तीन तास कुंभलगडावर आरामात गेले असते. इथे माझा एक स्टार गेला.

पण घाईवाल्यांची बाजू सांगितली नाही तर पाप लागेल. जैसलमेरच्या हॉटेलात रूम वाटपाचा घोळ झाला, तीन फॅमिलींना चुकीच्या रूम्स, दोघांना रूमच नाही. आम्ही सगळे बी लोक वेलकम ड्रिंकचे ग्लास घेऊन सोफ्यावर, होईल हो काहीतरी म्हणत. ताईने मॅनेजरच्या हातातली यादी घेतली, काउंटरवर उभी राहिली आणि सामान बसमधून उतरायच्या आत सगळं लावून मोकळी, आजीआजोबांना तळमजला पण तिनेच मिळवून दिला. अशी चार माणसं नसतील तर माझ्यासारख्यांची टूर उदयपूरच्या पुढे सरकायची नाही हे कबूल. आणि बसमधल्या सीट रोटेशनचा हिशोब? तोही तिच्याच डायरीत, कोणाची एका रांगेची फसवणूक झाली नाही.

टूर मॅनेजर म्हणून आलेल्या त्या मुलाला मात्र ही दोन प्रकारची माणसं कशी हाताळायची हे कोणीतरी नीट शिकवलंय किंवा उपजतच आहे. ते वाक्य तोडणारे काका पुढच्या सीटवरून एकदा चांगलेच भांडले, आवाज चढला, बायको खिडकीतून बाहेर बघायला लागली. दुसऱ्या दिवसापासून मॅनेजरने त्यांना माणसं मोजायचं काम दिलं. काका एकदम शांत! प्रत्येक स्टॉपला उतरताना मोजणार, चढताना मोजणार. आणि आम्हा मागे राहणाऱ्यांना तो हळूच येऊन बसची वेळ पंधरा मिनिटं आधीची सांगायचा, हे मला शेवटच्या दिवशी कळलं. राग नाही आला, उलट टिप वाढवून दिली. तसंही त्या दोन डॉक्टरांच्या संशोधनाचं पुढे वेगळंच झालं, सुरुवातीला तीन हजारांवर पुरुषांना साडेआठ वर्षं तपासून टाइप एला हार्टचा त्रास साधारण दुप्पट असं निघालं, पण नंतरच्या अभ्यासांत ते तसं टिकलं नाही, नुसती घाई तेवढी वाईट नाही, मनातला राग आणि समोरच्याबद्दलची खुन्नस जास्त नडते असं दिसायला लागलं. आणि या संशोधनाला सिगारेट कंपन्यांचा बराच पैसा होता हेही नंतर बाहेर आलं, म्हणजे सिगारेट नाही हो, स्वभाव वाईट! तेव्हा ताईला मी आता हार्टची भीती घालत नाही, ती घाई करो बापडी, भांडत तर नाही कोणाशी.

जैसलमेरजवळच्या समच्या वाळूत सूर्यास्ताला दोन्ही गट एकत्र बसले हे सांगायला बरं वाटलं असतं, पण तसं काही झालं नाही. ते फोटो काढून कॅम्पच्या चहाला पळाले, आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो आणि आम्हाला भजी थंड मिळाली.

बुकिंग करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तुम्ही माझ्यासारखे असाल तर एका गावात सलग दोन मुक्काम असलेलीच आयटिनररी घ्या, रोज हॉटेल बदललं की रोजच पाच-सहा-सात. आणि नवराबायकोत एक ए एक बी असेल तर मधली सीट मागून घ्या, पुढे एकाला त्रास, मागे दुसऱ्याला.

राहिलेला अर्धा स्टार शॉपिंग स्टॉपसाठी कापलाय. जैसलमेरच्या पटवा हवेल्या, पाच भावांच्या पाच, पिवळ्या दगडावरची असली जाळी की नजर हलत नाही, तिथे आम्हाला दिली वीस मिनिटं. आणि "सरकारमान्य" म्हणून नेलेल्या एका रजयांच्या दुकानात दीड तास. तिथे शिट्टी वाजली नाही, कोणी वेळ सांगितली नाही, आणि ताईने सुद्धा घड्याळ बघितलं नाही, दोन रजया घेतल्या.