कमी खर्चातील उन्हाळी कॅम्पिंग: पेनसिल्व्हेनियाची स्टेट पार्क्स

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंगरात किंवा तळ्याकाठी राहायला जायचे ठरले, की बहुतेक मराठी घरांत नॅशनल पार्कांचीच नावे निघतात, आणि राज्य सरकारांनी चालवलेल्या स्टेट पार्कांचा विचार फार तर एखाद्या दुपारच्या फेरफटक्यापुरता होतो. पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कांत मुक्काम करू लागल्यापासून माझे मत असे झाले आहे की पूर्व किनाऱ्याजवळ राहणाऱ्या कुटुंबासाठी इतक्या कमी पैशांत इतके काही देणारी दुसरी सेवा क्वचितच सापडेल. मात्र तंबू किती महागाचा आहे, यावर ही सहल स्वस्त होणे अवलंबून नाही. मुक्कामाची तारीख आणि वार कोणता निवडला, यावरच खर्चाचा आणि सहलीच्या सुखाचाही मोठा भाग ठरून जातो.

या राज्यात सव्वाशेच्या आसपास स्टेट पार्क्स आहेत आणि त्यांतल्या एकातही प्रवेशशुल्क किंवा पार्किंगचे शुल्क नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात ही पार्क्स चालवणाऱ्या सरकारी खात्याची धुरा सांभाळणारे मॉरिस गोडार्ड यांनी राज्यातील प्रत्येक रहिवाशापासून २५ मैलांच्या आत एक स्टेट पार्क असावे असे उद्दिष्ट ठेवले होते, आणि आज नकाशा उघडला तर त्या धोरणाचे फळ स्पष्ट दिसते. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात अनेक ठिकाणी गाडीमागे प्रवेशशुल्क लागते. वर्षभराचा ८० डॉलरचा एम्पायर पास घेतला तरी त्यात तंबूच्या जागेचे भाडे धरलेले नसते, आणि राज्याबाहेरच्या माणसाला प्रत्येक रात्रीमागे पाच डॉलर जास्त मोजावे लागतात. टेक्ससमध्ये मुक्कामाच्या भाड्याखेरीज मोठ्या माणसांना दरडोई प्रवेशशुल्क पडते, म्हणून तिथे वारंवार जाणाऱ्यांना ७० डॉलरचा वार्षिक पास परवडतो. पेनसिल्व्हेनियातही बाहेरच्या राज्यातील लोकांना जागेचा दर अधिक असतो, आणि न्यू जर्सीहून जाणाऱ्यांनी तो आधीच हिशेबात धरावा. तरीही वीज नसलेल्या साध्या जागेचे एका रात्रीचे भाडे जवळच्या मोटेलच्या खोलीच्या तुलनेत इतके कमी असते की तीन रात्रींच्या सहलीत पेट्रोलचा खर्च सहज भरून निघावा.

या सेवेची खरी परीक्षा नोंदणीच्या टप्प्यावर होते. जागा अकरा महिने आधीपासून राखून ठेवता येतात. म्हणजे जुलैमधल्या मुक्कामाची नोंदणी आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होण्याच्या धांदलीत, खुली होते. इतक्या आधी कोणाच्याही रजा ठरलेल्या नसतात, आणि ज्यांच्या ठरलेल्या असतात ते तळ्याकाठच्या चांगल्या जागा घेऊन मोकळे होतात. मला ही मुदत फार लांब वाटते. मिनेसोटा राज्य १२० दिवस आधी नोंदणी खुली करते, आणि नोकरदार कुटुंबांना ती पद्धत अधिक न्याय देते असे माझे मत आहे. शिवाय उन्हाळ्यात शनिवार-रविवार धरून जायचे तर सहसा किमान दोन रात्रींचे आरक्षण करावे लागते, त्यामुळे नुसती शनिवारची एक रात्र राहून पाहू म्हणणाऱ्या नवख्या मंडळींची अडचण होते.

यावरचा उपाय सोपा आहे, पण त्यासाठी एखाद-दुसरा दिवस रजा टाकण्याची तयारी हवी. रविवारी दुपारी पोहोचून मंगळवारी किंवा बुधवारी परतणाऱ्याला ऐन जुलैतही जागा मिळण्याची शक्यता बरीच असते, स्नानगृहांसमोर रांग नसते, आणि रात्री शेजारच्या तंबूतले आवाज कानांवर येत नाहीत. ज्यांना शुक्रवार-शनिवारच जमते त्यांनी सहलीच्या आधीच्या आठवड्यात संकेतस्थळावर रोज एकदा नजर टाकावी, कारण हवामानाचा अंदाज आला की आरक्षणे रद्द होऊ लागतात. जागा निवडताना नकाशावर तीन गोष्टी पाहाव्यात: स्वच्छतागृहापासून ती किती दूर आहे, सावली आहे का, आणि जमिनीला उतार किती आहे. स्वच्छतागृहाला अगदी लागून असलेली जागा लहान मुलांच्या दृष्टीने सोयीची वाटते, पण तिथे रात्रभर दिवा जळत असतो आणि दारांची उघडझाप थांबत नाही. चार-पाच जागा सोडून पुढची घेतलेली बरी.

पहिल्या मुक्कामासाठी मी रिकेट्स ग्लेन सुचवेन. ल्युझर्न, सलिव्हन आणि कोलंबिया या तीन काउंटींमध्ये पसरलेले हे पार्क न्यू जर्सीच्या मध्यभागापासून अडीच-तीन तासांवर आहे. १९३० च्या दशकात याच परिसराचे नॅशनल पार्क करण्याचा बेत होता. पैशांची चणचण आणि दुसरे महायुद्ध यांमुळे तो बारगळला आणि १९४४ मध्ये हे स्टेट पार्क म्हणून लोकांसाठी खुले झाले. किचन क्रीक नावाचा ओढा इथे दोन घळींतून उतरत येतो आणि वाटेत नाव दिलेले २२ धबधबे तयार करतो. त्यांतला सर्वांत उंच गनोगा धबधबा ९४ फुटांचा आहे. या घळींतली पायवाट मूळ जमीनमालक कर्नल रॉबर्ट ब्रूस रिकेट्स यांनी १८८९ ते १८९३ या काळात बांधून घेतली. धबधब्यांच्या अगदी कडेने, दगडी पायऱ्यांवरून वर-खाली जाणारी ही वाट चालताना प्रत्येक वळणावर पाण्याचा आवाज बदलत जातो, आणि वर हेमलॉक व पाइनची झाडे इतकी दाट आहेत, त्यांतली कित्येक तीनशे वर्षांहून जुनी आहेत, की भर दुपारीही ऊन अंगावर येत नाही. संपूर्ण फेरी ७.२ मैलांची आहे, पण लेक जीनच्या बाजूने उतरून हायलँड ट्रेलने दोन्ही घळी जोडणारी ३.२ मैलांची छोटी फेरी केली तरी बहुतेक धबधबे पाहून होतात. पायऱ्या ओल्या आणि गुळगुळीत असतात, काही ठिकाणी चढ खडा आहे, म्हणून चपला किंवा साधे कॅनव्हासचे बूट घालून कोणीही जाऊ नये, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तर ही वाट टाळावी.

तंबूंच्या जागा लेक जीनच्या काठी, सुमारे २,२०० फूट उंचीवर आहेत, त्यामुळे खाली दरीत उकडत असताना इथली रात्र थंड असते आणि जुलैतही लहान मुलांसाठी जाड पांघरूण लागते. प्रत्येक जागेला लाकडी टेबल आणि शेकोटीचे लोखंडी कडे असते, गरम पाण्याची स्नानगृहे चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि तळ्याच्या किनाऱ्यावर पोहण्यासाठी वेगळे शुल्क नाही. मात्र या राज्याच्या स्टेट पार्कांतील बहुतेक तळ्यांवर जीवरक्षक नसतात, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने केवळ त्यांच्याकडेच लक्ष ठेवून बसायचे, हे आधी ठरवून घ्यावे. मद्यपानाला स्टेट पार्कांत बंदी आहे. काहींना हा नियम जाचक वाटतो, पण रात्री कॅम्पमध्ये जी शांतता अनुभवायला मिळते तिचे बरेचसे श्रेय मी त्यालाच देईन.

शेकोटीच्या लाकडांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण पैसे वाचवण्याच्या हेतूने घरामागची लाकडे गाडीत भरून नेण्याची चूक बरेच जण करतात. अॅश वृक्ष पोखरून मारणारा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि तिथून तो लाकडांच्या वाहतुकीबरोबर राज्याराज्यांत पसरला. स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा दुसरा कीटक २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्याच बर्क्स काउंटीत प्रथम सापडला, आणि तो लाकडांवर, तंबूंवर, गाड्यांवरसुद्धा अंडी घालतो. न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची प्रक्रिया न केलेले लाकूड ५० मैलांपलीकडे नेणे कायद्यानेच मना आहे. लाकूड पार्कमध्ये किंवा वाटेवरच्या जवळच्या गावात घ्यावे. थोडे पैसे जातात, पण ज्या झाडांखाली आपण राहायला आलो आहोत ती पुढच्या पिढीलाही दिसायला हवीत.

सामानावर पहिल्याच वर्षी खर्च करू नये. पाऊस अडवणारा तंबू, जमिनीच्या गारव्यापासून वाचवणारी गादी आणि डोक्याला बांधायचा दिवा, एवढ्या तीन गोष्टी चांगल्या हव्यात, आणि मित्रांकडून उसन्या मिळाल्या तर उत्तमच. मिनेसोटाचा ‘आय कॅन कॅम्प’ आणि टेक्ससचा ‘टेक्सस आउटडोअर फॅमिली’ यांसारख्या उपक्रमांत नवशिक्यांना सामान पुरवून तंबू कसा लावायचा हे शिकवले जाते. त्या राज्यांत राहणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी. स्वयंपाकासाठी प्रोपेनवर चालणारी दोन बर्नरची शेगडी पुरते. खिचडीचे तांदूळ, डाळ आणि मसाला घरीच मोजून एका पिशवीत भरले, भाज्या चिरून नेल्या, की तिथे धुण्याची भांडी आणि लागणारे पाणी दोन्ही कमी होतात. उरलेले अन्न, टूथपेस्ट आणि साबणसुद्धा रात्री गाडीत बंद करून ठेवावे, कारण या डोंगरांत काळी अस्वले आहेत. त्यांच्यापेक्षाही गोचिडीपासून अधिक जपायला हवे: गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचे रुग्ण देशात सर्वाधिक सापडणाऱ्या राज्यांत पेनसिल्व्हेनिया मोडते, म्हणून कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून आणि रोज संध्याकाळी मुलांच्या काखा, गुडघ्यांच्या मागची बाजू व केसांची मुळे तपासूनच झोपायला जावे.

आकाश पाहण्याची आवड असेल तर पॉटर काउंटीतील चेरी स्प्रिंग्ज हे ८२ एकरांचे छोटे पार्क वेगळ्याच प्रकारचे समाधान देते. २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचे काळोखे आकाश जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला, आणि भोवतीच्या सस्क्वेहॅनॉक वनक्षेत्रामुळे तिथे शहरांचा उजेड जवळजवळ पोहोचत नाही. ऑगस्टच्या १२ तारखेच्या सुमारास पर्सिड उल्का असतात, पण तेव्हा गर्दीही भरपूर असते. मी तर जून-जुलैतील अमावास्येजवळची, आठवड्याच्या मधली रात्र निवडेन, कारण आकाशगंगेचा पट्टा पाहायला उल्कांची वाट पाहावी लागत नाही. निरीक्षणाच्या मैदानावर पांढऱ्या प्रकाशाला मनाई आहे, त्यामुळे लाल दिवा जवळ हवा. इथल्या मुक्कामाच्या जागा अगदी साध्या आहेत, स्नानगृह नाही, म्हणून लहान मुलांसह जाणाऱ्यांनी जवळच्या लायमन रन पार्कमध्ये उतरून रात्री इथे यावे.

उन्हाळ्यात भारतातून आई-वडील आलेले असतात आणि त्यांना जमिनीवर झोपणे जमत नाही, म्हणून अनेक घरांत कॅम्पिंगचा विषयच निघत नाही. त्यांच्यासाठी काही पार्कांत असलेल्या ‘कॅम्पिंग कॉटेज’ पाहाव्यात. लाकडी जमीन, पाच जणांपुरत्या बंक खाटा, विजेचे दिवे, हीटर आणि पुढे छोटा ओटा असलेल्या या खोल्यांचे भाडे तंबूच्या जागेपेक्षा जास्त असले, तरी हॉटेलच्या दोन खोल्या घेण्याहून ते स्वस्त पडते. अंथरूण-पांघरूण मात्र आपले न्यावे लागते, आणि स्वच्छतागृह बाहेर असल्याने रात्री त्यांच्या उशाशी एक दिवा ठेवावा. ज्येष्ठांसाठीची सवलत ६२ वर्षांवरील राज्याच्या रहिवाशांनाच मिळते, त्यामुळे पाहुण्या आई-वडिलांच्या नावे ती धरता येत नाही. कॉटेज मोजक्याच असल्याने त्या सर्वांत आधी भरतात. आई-वडिलांची तिकिटे काढायच्या आधी कॉटेज कोणत्या तारखांना मोकळी आहे हे पाहून घेणे सोयीचे पडते.