मूर स्वॅब: गावच्या नालीत कितपत कामाचा?

गॉजची घडी करायची, मधोमध तंगूस (नायलॉनचा मासेमारीचा दोरा) बांधायची आणि एक ते तीन दिवस वाहत्या सांडपाण्यात सोडून द्यायची. पाण्यातले रोगजंतू गॉजमध्ये अडकतात, मग तो प्रयोगशाळेत तपासायचा. मूर स्वॅब म्हणजे एवढंच. इंग्लंडात ब्रेंडन मूर यांनी पॅराटायफॉइडचे वाहक (स्वतः आजारी न दिसता जंतू पसरवणारे लोक) शोधायला हा वापरला आणि 1948 मध्ये त्याबद्दल लिहिलं. नालीला जिथे फाटे फुटतात तिथे एकेक स्वॅब लावत, पाण्याच्या उलट दिशेने घरापर्यंत जायचं, अशी ती पद्धत. टायफॉइड आणि कॉलऱ्यासाठी आजही ती वापरतात.

विदर्भातल्या खेड्यांसाठी मत आधीच सांगतो. आश्रमशाळा, वसतिगृह, एसटी स्टँड किंवा आठवडी बाजारातलं शौचालय इथे पाचपैकी साडेचार गुण. गावच्या उघड्या नालीत जेमतेम दोन.

एवढा फरक का? आपल्याकडे बहुतेक घरांचा संडास खड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत जातो. नालीत येतं ते मोरीचं, धुण्याभांड्यांचं पाणी आणि गोठ्याचं शेणपाणी. टायफॉइड, कॉलरा, पोलिओ यांचे जंतू मुख्यतः विष्ठेतून बाहेर पडतात. विष्ठाच नालीत नसेल तर स्वॅब रिकामा येणार आणि गाव उगाच निश्चिंत होणार. म्हणून आधी गावात फेरी मारा. कोणत्या सेप्टिक टाकीचा ओव्हरफ्लो नालीत उतरतो, लहान पोरांची लंगोटी कुठे धुतात, हे सफाई कामगाराला आणि आशाताईंना नेमकं माहीत असतं. विषाणूंची तपासणी असेल तर प्रयोगशाळेला ढोबळी-मिरचीवर येणाऱ्या पीएमएमओव्ही या विषाणूचीही चाचणी मागा. मिरची खाणाऱ्या माणसाच्या विष्ठेत तो भरपूर असतो, म्हणून नमुन्यात माणसाची विष्ठा होती की नाही याचा त्यावरून अंदाज येतो. भिवापुरी मिरचीच्या मुलखात ही खूण सहज सापडावी.

घरी बनवणं सोपं आहे. साधारण 120 सेंटिमीटर लांब आणि 15 सेंटिमीटर रुंद सुती गॉज घ्या. पट्टीवर पट्टी घालून घडी करा आणि मधोमध तंगूस घट्ट आवळा, म्हणजे दोन्ही बाजूंनी फुलोरा होतो. तार वापरली तर गंजते, सुतळी कुजते. क्राफ्ट पेपरमध्ये गुंडाळून 121 अंशांवर 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय बहुधा मिळते. तयार स्वॅब विकत घेण्याची गरज नाही. मेडिकल दुकानातला गॉज पुरतो, फक्त तो औषध लावलेला नसावा.

लावताना जास्त चुका होतात. स्वॅब मध्यधारेत तरंगला पाहिजे. गाळात रुतला तर जुनी घाण पकडतो, कडेला अडकला तर काहीच पकडत नाही. उघड्यावर लावला की डुकरं ओढतात, पोरं काढून नेतात. म्हणून रपट्याखाली किंवा फरशीच्या झाकणाखाली लोखंडी सळीला बांधा. खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्न्या गुंडाळल्या गेल्या की गॉजला पाणीच लागत नाही, त्यामुळे रोज एकदा बघून पन्न्या काढाव्या लागतात. हे काम कोण करणार ते आधीच ठरवा, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते.

24 ते 72 तास ठेवता येतो. मे महिन्याच्या उन्हात 24 तास पुरे. त्यापुढे इतर जंतू इतके माजतात की हवा तो शोधणं अवघड. नाली आटून गॉज कोरडा पडला असेल तर नमुना टाकून द्या. मुसळधार पाऊस झाला की सगळंच पातळ होतं, अशा दिवशी लावू नये. आणि सगळ्यात मोठी खोट म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताप किंवा हगवणीची साथ आली की ग्रामपंचायत पहिल्यांदा नालीत पावडर टाकते, आणि नेमकं तेव्हाच आपण स्वॅब लावतो. जंतू मेलेले असतात, अहवाल कोरा येतो. पावडर कधी टाकली हे शिपायाला विचारून चिठ्ठीवर लिहा.

काढताना हातमोजे, गमबूट, तोंडाला मास्क. पिळू नका. तंगूस कापून स्वॅब निर्जंतुक रुंद तोंडाच्या बाटलीत टाका. बाटलीवर जागा, लावल्याची आणि काढल्याची वेळ, पाऊस, पावडर एवढं लिहा. बर्फाच्या पॅकसोबत थर्माकोलच्या डब्यात ठेवा, पण गोठू देऊ नका. लसीचा कॅरियर यासाठी कदापि वापरू नये. हातमोजे लाल पिशवीत.

प्रयोगशाळा मात्र स्वॅब लावायच्या आधी ठरवा. जिल्ह्याची पाणी तपासणारी प्रयोगशाळा आणि कॉलऱ्याचं कल्चर करणारी (जंतू वाढवून ओळखणारी) सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा ही दोन वेगळी कामं आहेत. कॉलऱ्यासाठी नमुना आल्कलाइन पेप्टोन वॉटर या पोषक द्रावात 6 ते 8 तास वाढवून टीसीबीएस प्लेटवर, म्हणजे या जंतूंसाठीच्या खास पोषक थरावर घेतात. जंतूंच्या पिवळ्या वसाहती दिसल्या म्हणजे कॉलरा आलाच असं नाही. कॉलऱ्याचा जंतू व्हिब्रिओ कुळातला, आणि त्याचे कॉलरा न करणारे नातलगही पिवळेच दिसतात. कॉलऱ्याची साथ आणणाऱ्या ओ1 किंवा ओ139 या प्रकारांची अँटिसेरा चाचणी झाल्याशिवाय गावात दवंडी देऊ नका.

एक लिटरचा बाटली-नमुना हा पर्याय आहे. पोलिओसाठी मुंबईत 2001 पासून सांडपाणी तपासलं जातं, नागपुरात नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने कोविडचा माग सांडपाण्यातून काढला. हे शहराला जमतं, कारण पाणी सतत वाहतं. खेड्यात सकाळच्या दोन तासांनंतर नालीची धार मंदावते, बाटली भरली तो क्षण हुकला की संपलं. इथे स्वॅब सरस ठरतो. त्यातून किती जण आजारी आहेत हे मात्र कळत नाही, फक्त जंतू आहे की नाही एवढंच.

मेळघाटातल्या पाड्यांवर हा घेऊन जाऊ नका. जुलै 2022 मध्ये चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी, कोयलारी भागात कॉलऱ्याची साथ आली ती विहिरीच्या दूषित पाण्यातून. जिथे वाहती नालीच नाही तिथे विहीर तपासणं हेच काम. शिवाय वीस घरांच्या पाड्यात नमुना सकारात्मक आला की बोट थेट एखाद्या घराकडे जातं. अहवाल वैद्यकीय अधिकाऱ्यापुरता ठेवावा, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू नये.

वापरायचाच असेल तर पावसाळ्यात दर आठवड्याला एक, त्याच जागी, सप्टेंबरपर्यंत. एकदा कोरा आला म्हणून थांबू नका. आणि सकारात्मक आला तर त्याच दिवशी गावातल्या प्रत्येक नळाची आणि विहिरीची ओटी टेस्ट (पाण्यात उरलेलं क्लोरीन मोजणारी चाचणी) करा: लिटरला 0.2 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्लोरीन दिसलं तर स्वॅबचा पुढचा अहवाल यायची वाट न बघता पिण्याच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका.