विंडोज अपडेट सारखं फेल होत असेल तर: रिपेअर इन्स्टॉल आणि त्याच्या आधी करायच्या उपायांचा बऱ्याच महिन्यांचा अनुभव

अपडेट एकदाचं चढलं म्हणजे मशीन दुरुस्त झालं असं मी धरत नाही. पुढच्या महिन्याचं अपडेट कुणी हात न लावता चढतंय का, त्याच्या पुढच्या महिन्याचं चढतंय का, हे बघितल्यावरच उपाय लागू पडला म्हणायचं, आणि म्हणूनच हे लिहायच्या आधी मुद्दाम बरेच महिने जाऊ दिले. घरची, नातेवाईकांची, मित्रांची मिळून बऱ्यापैकी मशीन्स माझ्याकडे येतात, काही विंडोज १० ची, बाकी ११ ची, आणि अपडेट अडकायचे बहुतेक सगळे प्रकार त्यात बघून झालेत. माझा सगळ्यात जास्त विश्वास बसलाय तो रिपेअर इन्स्टॉलवर, म्हणजे चालू विंडोजवरच तीच विंडोज परत बसवायची, फाइल्स आणि प्रोग्रॅम जागच्या जागी ठेवून. पण तो पहिल्या झटक्यात करायचा उपाय नाही, म्हणून त्याच्या आधी करायचं ते पहिल्यांदा सांगतो.

वहिनीचा लॅपटॉप हे यातलं मुख्य उदाहरण. अपडेट बसत असताना बॅटरी संपून तो मधेच बंद पडला आणि तिथून पुढे दर महिन्याला तोच प्रकार, डाउनलोड शंभर टक्के, इन्स्टॉल पण बऱ्यापैकी पुढे जातं, रीस्टार्ट मागतं, रीस्टार्टमधे टक्के चढत जातात आणि मग 'अनडूइंग चेंजेस' येऊन सगळं उलटं फिरतं, बराच वेळ जातो आणि डेस्कटॉप आल्यावर अपडेट हिस्टरीत परत फेल्ड. विंडोजचं महिन्याचं अपडेट प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं आणि ते क्युम्युलेटिव्ह असतं, म्हणजे आधीच्या महिन्यांचं सगळं त्यात असतंच, त्यामुळे एखाद्या महिन्याचं राहिलं तर पुढच्याने भरून निघतं आणि कधीकधी खरंच नुसतं थांबून प्रश्न मिटतो. पण सलग दोन महिन्यांची दोन वेगळी अपडेट्स एकाच एरर कोडवर पडली तर मी दोष मशीनमधेच शोधतो, तिसऱ्या महिन्याची वाट बघत बसत नाही. लोक इथेच वर्ष वर्ष काढतात आणि तेवढा काळ ते मशीन सिक्युरिटीच्या बाबतीत उघडं पडलेलं असतं, मला काळजी त्याची वाटते.

तर पहिलं काम कोड बघणं. अपडेट हिस्टरीत फेल्डच्या शेजारी असतो, नाहीतर स्टार्टमधे रिलायबिलिटी असं टाइप केलं की तारखेवार यादी उघडते, कुठल्या दिवसापासून बिघडलं आणि त्याच सुमारास काय नवीन बसवलं होतं ते तिथे एका नजरेत दिसतं, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. कोडच्या सुरुवातीचं शून्य आणि एक्स मी इथे गाळतोय. ८००७००७० म्हणजे सरळ जागा संपलीय. ८०२४ ने सुरू होणारे बहुतेक कोड अपडेट शोधणाऱ्या आणि उतरवणाऱ्या यंत्रणेचे. ८००७३७१२ किंवा ८००एफ०८१एफ आला तर कॉम्पोनंट स्टोअरमधे गडबड, म्हणजे विंडोज फोल्डरमधलं विनएसएक्सएस, जिथे सिस्टिमच्या फाइल्सचा मूळ साठा असतो. सी१९००१०१ हा व्हर्जन बदलताना येतो आणि जवळपास नेहमी ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. कोड न बघता सगळे उपाय एकामागून एक मारत सुटणारे लोक बघितलेत, त्यात चालू असलेलंही बिघडतं.

सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन फोल्डरचं नाव बदलायचा उपाय सगळीकडे सांगतात. विंडोज अपडेटची सर्व्हिस आणि बिट्स (पाठीमागे डाउनलोड करणारी सर्व्हिस) बंद करायची, फोल्डरला नवीन नाव द्यायचं, सर्व्हिस परत चालू, विंडोज नवा फोल्डर बनवून सगळं पुन्हा उतरवतं. डाउनलोड अर्धवट किंवा खराब झालं असेल तर हा खरोखर चालतो आणि मी तो बऱ्याच मशीनवर वापरलाय, अपडेट हिस्टरीची यादी रिकामी दिसायला लागते पण त्याने घाबरायचं काही नाही, बसलेली अपडेट्स बसलेलीच राहतात. मात्र स्टोअर बिघडलं असेल तर याचा काडीचा उपयोग नाही, कारण हा फोल्डर म्हणजे फक्त उतरवलेल्या मालाची जागा. वहिनीच्या लॅपटॉपवर कोड ८००७३७१२ होता त्यामुळे मी यात वेळ घालवलाच नाही. आणि जागा करायची म्हणून विनएसएक्सएस फोल्डर हाताने कधीच डिलीट करायचा नाही, डिस्क क्लीनअप किंवा स्टोरेज सेन्सकडून जेवढं निघेल तेवढंच काढायचं.

डीआयएसएम आणि एसएफसी या दोन कमांडबद्दल मात्र थोडं सविस्तर. एसएफसी स्कॅननाऊ सिस्टिमच्या फाइल्स तपासतं आणि खराब निघाली की स्टोअरमधून चांगली कॉपी आणून ठेवतं. आता स्टोअरच खराब असेल तर ते चांगली कॉपी आणणार कुठून, म्हणून आधी डीआयएसएमचं रिस्टोअरहेल्थ चालवून स्टोअर नीट करायचं आणि मग एसएफसी, हा क्रम महत्त्वाचा आहे आणि बरेच जण तो उलटा करतात. दुसरं म्हणजे डीआयएसएम चांगल्या फाइल्स बाय डिफॉल्ट विंडोज अपडेटकडूनच मागतं, म्हणजे जे बंद पडलंय त्याच्याकडेच मदत मागितल्यासारखं, त्यामुळे ते ८००एफ०८१एफ देऊन थांबतं आणि माणसाला वाटतं की आता काहीच होऊ शकत नाही. तेव्हा त्याच व्हर्जनची आयएसओ, म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कची एका फाइलमधली प्रत, उतरवून माउंट करायची, म्हणजे डिस्क घातल्यासारखी उघडायची, आणि सोर्स म्हणून त्यातली इन्स्टॉल डॉट विम फाइल द्यायची, काही आयएसओमधे ती ईएसडी असते, आणि जोडीला लिमिटअॅक्सेस लावायचं म्हणजे ते नेटवर शोधायला जात नाही. मधेच टक्के बराच वेळ एका जागी थांबतात, साठच्या पुढेमागे तर हमखास, तेव्हा खिडकी बंद करू नका, डिस्कचा लाइट चालू आहे ना बघा आणि राहू द्या.

वहिनीच्या लॅपटॉपवर या दोघांनी काम केलं, मेसेज पण आला की करप्शन दुरुस्त झालं, त्या महिन्याचं अपडेट चढलं. पुढच्या महिन्याचं मात्र परत पडलं, तोच कोड. आधी मी म्हटलं की एका अपडेटवरून निकाल द्यायचा नाही ते यासाठीच.

मग रिपेअर इन्स्टॉल. अधिकृत साइटवरून आयएसओ घ्यायची, भाषा आणि एडिशन मशीनवर आहे तीच, व्हर्जन तेच किंवा त्याच्या पुढचं, डबल क्लिक करून माउंट करायची आणि चालू विंडोजमधूनच सेटअप चालवायचं. पेन ड्राइव्हवरून बूट करून हे होत नाही, तिथे प्रोग्रॅम ठेवायचा पर्यायच मिळत नाही, हे नीट लक्षात ठेवा. सुरुवातीला सेटअप विचारतं की अपडेट्स उतरवू का, तिथे मी 'नॉट राइट नाऊ' निवडतो कारण अपडेटची यंत्रणाच तर बिघडलेली असते. शेवटच्या स्क्रीनवर 'कीप पर्सनल फाइल्स अँड अॅप्स' लिहिलेलं दिसलं तरच इन्स्टॉल दाबायचं, ते राखाडी असेल तर भाषा किंवा एडिशन जुळत नाहीये, तिथूनच मागे फिरायचं. सी ड्राइव्हवर वीस-पंचवीस जीबी मोकळी असू द्या, लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच, बाहेरच्या यूएसबी वस्तू सगळ्या काढून ठेवा. बॅकअप तर घ्याच, फाइल्स राहतात हे खरं असलं तरी घ्या. आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, चालू आहे का ते बघा, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी शोधून दुसरीकडे लिहून ठेवा आणि काम होईपर्यंत बिटलॉकर सस्पेंड करा, कारण मधे कुठे की मागितली आणि ती हाताशी नसेल तर अपडेटचा प्रश्न बाजूलाच राहतो आणि सगळा डेटा अडकतो.

विंडोज ११ असेल तर एवढं करायची पण गरज नसते. सेटिंग्जमधे सिस्टिम, त्यात रिकव्हरी, तिथे 'फिक्स प्रॉब्लेम्स यूजिंग विंडोज अपडेट' आणि शेजारी 'रीइन्स्टॉल नाऊ' असं बटण मिळतं, २०२४ पासून २२एच२ (२०२२ च्या दुसऱ्या सहामाहीचं व्हर्जन) आणि पुढच्या व्हर्जनमधे आलंय. तेच काम, आयएसओ न शोधता. मला हे बटण फार आवडलं, विशेषतः फोनवरून कुणाला सांगायचं असेल तेव्हा, कमांड टाइप करायला सांगण्यापेक्षा शंभर पटीने सोपं. फक्त तेही विंडोज अपडेटमधूनच फाइल्स उतरवतं, म्हणून डाउनलोडच बंद असेल तर आयएसओ लागतेच.

परिणाम सांगतो. वहिनीच्या लॅपटॉपवर रिपेअर इन्स्टॉलनंतर आजवर एकही महिन्याचं अपडेट पडलेलं नाही, कुणी बघायलाही गेलं नाही, आपोआप चढतायत. प्रोग्रॅम सगळे जागेवर, वॉलपेपरसुद्धा तोच. तोटे आहेत पण छोटे, जुने रिस्टोअर पॉइंट जातात त्यामुळे सिस्टिम प्रोटेक्शन चालू आहे का ते नंतर बघून घ्या, विंडोज डॉट ओल्ड फोल्डर बरीच जागा अडवतो, दहा दिवस मागे जायची सोय असते तेवढे दिवस ठेवून मग डिस्क क्लीनअपने काढा. आणि वेळ लागतो, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तर अर्धा दिवस गेला असंच समजा, एसएसडीवर बराच कमी.

पण सगळीकडे हे चाललं असं नाही, आणि जिथे नाही चाललं तिथली कारणं जास्त शिकण्यासारखी आहेत. एका मशीनवर दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस होता, वर्गणी कधीच संपलेली, तरी त्याचा ड्रायव्हर आत बसून फाइल्स अडवत होता, नुसतं डिसेबल करून फरक पडला नाही, त्या कंपनीचंच रिमूव्हल टूल चालवून मुळापासून काढल्यावर अपडेट पहिल्याच फेरीत बसलं. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर लगेच चालू होतो, त्यामुळे मधल्या काळात मशीन उघडं राहत नाही.

दुसऱ्या एका डेस्कटॉपवर ८००एफ०९२२ येत होता. सी ड्राइव्हवर भरपूर जागा, पण बूटचं छोटं पार्टिशन, जे एक्सप्लोररमधे दिसत पण नाही, ते काठोकाठ भरलेलं. साधारण शंभर एमबीचं असतं ते आणि त्यात मशीन बनवणारी कंपनी कधीकधी स्वतःच्या फर्मवेअरच्या फाइल्स टाकून ठेवते. याच जातीचा सगळ्यांना माहीत असलेला प्रकार म्हणजे जानेवारी २०२४ मधलं विंडोज १० चं केबी५०३४४४१ नंबरचं अपडेट, ते रिकव्हरी पार्टिशनमधे २५० एमबी मोकळी जागा मागायचं आणि नसली की ८००७०६४३ देऊन पडायचं, कोडवरून जागेचा प्रश्न आहे हे ओळखूच यायचं नाही, शेवटी पार्टिशन हाताने वाढवायच्या सूचना अधिकृतपणे प्रसिद्ध कराव्या लागल्या. असल्या ठिकाणी डीआयएसएम शंभर वेळा चालवा, काही होत नाही. आणि पार्टिशनला हात लावायचं काम सवय नसेल तर जाणकाराला बरोबर घेऊनच करा.

एका मित्राच्या मशीनवर रिपेअर इन्स्टॉल व्यवस्थित झालं, थोडे महिने गेले आणि स्टोअर परत करप्ट. दुरुस्त केलेलं पुन्हा बिघडतंय म्हटल्यावर विंडोजला सोडून मी डिस्ककडे वळलो, स्मार्टच्या रिपोर्टमधे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ती) रिअॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब झाल्याने बदललेले भाग, वाढत चाललेले दिसले. डिस्क बदलली, प्रश्न संपला. रॅम खराब असली तरी अगदी हेच होतं, म्हणून मेमरी टेस्ट एक रात्र लावून ठेवायची. अपडेट सारखं फेल होणं ही कधीकधी हार्डवेअर जायला लागल्याची पहिली खूण असते, त्या मित्राचा डेटा वाचला तो त्यामुळेच.

छोट्या गोष्टी भराभर सांगतो. तारीख-वेळ चुकलेली असेल तर सर्व्हरशी सुरक्षित कनेक्शनच होत नाही, मदरबोर्डवरचा सेल संपलेल्या जुन्या मशीनवर हे आधी बघा. व्हीपीएन बंद करा. मीटर्ड कनेक्शन (डेटा जपून वापरायची सेटिंग) चालू असेल तर डाउनलोड सुरूच होत नाही. रोज शटडाउन करणाऱ्यांनी अधूनमधून रीस्टार्ट दाबा, फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउनमधे कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, पूर्ण बंद होत नाही, रीस्टार्टमधे होतो. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग साइटवरून तेच अपडेट हाताने उतरवून बसवलं आणि बसलं तर दोष डाउनलोडमधे, तोच कोड आला तर स्टोअरमधे, निदान करायला ही युक्ती फार चांगली आहे. २४एच२ पासून मात्र कॅटलॉगमधे एका अपडेटच्या दोन फाइल्स दिसू शकतात, आधीचं चेकपॉइंट (ज्याच्यावर नवीन चढतं ते) आणि नवीन, दोन्ही एकाच फोल्डरमधे ठेवून बसवायच्या. एका क्लिकमधे अपडेट दुरुस्त करतो म्हणणारी बाहेरची सॉफ्टवेअर आणि रजिस्ट्री क्लीनर यांच्या वाटेला जाऊ नका, त्यातल्या चांगल्यात चांगल्या गोष्टी वरच्याच कमांड चालवतात आणि बाकीच्या नवीन घोळ घालतात.

विंडोज १० वाल्यांसाठी एक गोष्ट तातडीची आहे. नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पुढची सिक्युरिटी अपडेट्स मिळवायला ईएसयूमधे (सपोर्ट संपल्यावरच्या वाढीव सिक्युरिटी अपडेट्सची योजना) नाव नोंदवावं लागतं, घरगुती वापरासाठी त्याची मुदत जाहीर झाली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, आणि त्यासाठी मशीन २२एच२ वर असणं गरजेचं आहे. जुन्या व्हर्जनवर अडकून पडलेल्या मशीनला नोंदणीचा पर्यायच दिसत नाही आणि लोक तो सेटिंग्जमधे शोधत बसतात. माझ्याकडे असं एक मशीन सध्या टेबलावर आहे, सी१९००१०१ देतंय, सेटअपडायग या मायक्रोसॉफ्टच्या टूलने लॉग वाचून जुन्या वायफाय ड्रायव्हरचं नाव काढून दिलंय, तो काढून केबलने नेट जोडलंय आणि २२एच२ ची आयएसओ परत चालवतोय. ते चढलं तरी पुढचे दोन-तीन महिने बघूनच सांगेन.