कॅनोनेट क्यूएल १७ घरी उघडून आठ महिने झाले: कॅमेरा ठणठणीत, पण सेलने जीव खाल्लाय

गेल्या रविवारी मावसबहिणीच्या साखरपुड्यात, अंगठी घालायच्या नेमक्या वेळेला, माझ्या कॅनोनेटचं (कॅननचा जुना फिल्म कॅमेरा) बटण दाबलंच जाईना. उजेड कमी पडत असेल म्हणून शटर स्पीड ६० वरून (म्हणजे १/६० सेकंद) ३० वर आणला, मग १५ वर, तरी ढिम्म. तोवर अंगठी घालून झाली, मोबाइलवाल्यांनी शंभर फोटो काढले आणि मी आपली गळ्यात ६२० ग्रॅमचं लोढणं अडकवून उभी. घरी आल्यावर तणतणत परत पाना घेऊन बसले. त्याचं काय झालं ते पुढे सांगते, आधी मागचं.

लेन्स ४० एमएम १.७, याला गरिबाचा लायका म्हणतात (लायका म्हणजे महागडा जर्मन कॅमेरा). माझा जी-थ्री मॉडेल आहे, म्हणजे १९७२ नंतरचा, मामा बोटीवर होते तेव्हा सिंगापूरहून आणलेला आणि नंतर कित्येक वर्षं चिपळूणला कपाटात पडून. चिपळूणचा पावसाळा माहीत असेल तर पुढचं सांगायला नको, तरी नशीब, बुरशी फक्त पुढच्या काचेच्या कडेला एवढीशी लागली होती. खरा आजार शटरचा, म्हणजे क्षणभर उघडून फिल्मवर उजेड पाडणाऱ्या पात्यांचा. बटण दाबलं की टिक व्हायचं पण पाती उघडायची नाहीत. एका दुरुस्तीवाल्याने साडेचार हजार सांगितले, तीन आठवडे ठेवून घेतला, पार्ट मिळत नाही म्हणून तसाच परत दिला आणि वर खालच्या प्लेटचा एक स्क्रू गायब! पार्ट कसला डोंबलाचा, या आजाराला पार्ट लागतच नाही. जुनं तेल-ग्रीस पात्यांवर उतरून चिकट होतं, एवढंच.

तर घरी. लेन्सपुढची नावाची रिंग नुसत्या रबराच्या पकडीने फिरते. त्यासाठी खास टूल विकत मिळतं, मी आप्पांच्या काठीचं रबरी बूड काढून दाबून उलटं फिरवलं, दुसऱ्या झटक्यात सुटली. आतल्या काचेच्या रिंगला दोन खाचा असतात, तिथे लेन्स स्पॅनर लागतो, मी मुलाच्या कंपासपेटीतला डिव्हायडर कानशीने घासून वापरला. एकदा सटकला आणि रिंगवर बारीक ओरखडा उठला. इथे पैसे वाचवू नका, हे मी सांगतेय म्हणजे बघा.

पात्यांवर लायटरचं फ्लुइड, इअरबडने, थेंबभरच. पहिल्याच वेळी पाती फटकन उघडली, मी खूश होऊन सगळं बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत ठप्प, कारण फ्लुइड उडून जातं पण विरघळलेलं तेल तिथेच बसतं. लावा, शटर मारा, पुसा, वाळू द्या, परत लावा, असं मी अकरा वेळा केलं. १/४ सेकंदाला आतून घर्रर्र असा छान आवाज यायला लागला तेव्हा थांबले. आणि पात्यांना तेल अजिबात घालू नका, ती कोरडीच चालतात.

वरचं झाकण काढणार असाल तर जपानी स्क्रूंसाठी जेआयएस ड्रायव्हर घ्या, ते दिसतात फिलिप्ससारखे पण फिलिप्सने डोकी सोलतात. आत रेंजफाइंडरची (फोकस जुळवायच्या यंत्रणेची) अर्धी चांदी लावलेली काच असते, तिच्यावर फक्त ब्लोअरने फुंकर, पुसायला गेलात तर मुलामा निघून येईल आणि मधला पिवळा चौकोन कायमचा गेला म्हणून समजा. मागच्या दाराचा, उजेड अडवणारा फोम डांबरासारखा झाला होता, तो आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि टूथपिकने खरवडला, खाचांमधे काळी लोकर आणि बिजागरीपाशी दागिन्यांच्या जुन्या डबीतलं काळं मखमल चिकटवलं. एकही लीक नाही आजपर्यंत. इथवर एकूण खर्च साडेनऊशे रुपये.

आता सेल. मूळ सेल पीएक्स ६२५, पाऱ्याचा, १.३५ व्होल्ट, विषारी म्हणून बंद झाला, ठीकच आहे. पण त्याच मापाचा जो अल्कलाइन मिळतो तो १.५ व्होल्टचा, कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं भरपूर ऊन पडलंय आणि तो अॅपर्चर (लेन्सचं भोक) बारीक करून टाकतो. माझा पहिला रोल सगळा काळपट आला. एएसए (फिल्मला किती उजेड लागतो तो आकडा) कमी लावून भागवता येईल असं वाटलं होतं, पण अल्कलाइनचा व्होल्टेज वापरता वापरता उतरत जातो, मग आज किती कमी लावायचं आणि महिन्याने किती, ते काय पंचांगात बघायचं का?

उपाय आप्पांच्या कानात सापडला. त्यांच्या ऐकायच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल, निळ्या पट्टीवाला, झिंक-एअर, साधारण १.४ व्होल्ट आणि जवळजवळ शेवटपर्यंत तसाच टिकतो. अंगाने बारीक आहे म्हणून भोवती एक ओ-रिंग घातली की झालं. दुसरा रोल इतका सुंदर आला की मी सगळ्यांना सांगत सुटले, प्रश्न सुटला म्हणून.

कसला सुटतोय. या सेलची निळी पट्टी काढली की आत हवा जाते आणि तो कामाला लागतो, आणि मग तुम्ही फोटो काढा नाहीतर कॅमेरा कपाटात ठेवा, तो मरतच राहतो. पट्टी परत चिकटवून फारसा उपयोग नाही. माझे दोन महिन्यांच्या आत जातात. मी महिन्याला जेमतेम बारा फोटो काढणारी बाई, म्हणजे सेल माझ्यासाठी नाही, हवेसाठीच चालू असतो.

साखरपुड्याला हेच झालेलं. अॅपर्चरची रिंग ए वर, म्हणजे ऑटोवर, असताना मीटरचा काटा हलला नाही तर हा कॅमेरा शटरच लॉक करतो. सेल सात आठवड्यांचा, मेलेला. मागचं बॅटरी चेकचं बटण दाबायचं सुचलं नाही आणि मी रविवारची संध्याकाळ घालवून परत पुढची काच काढली, पाती स्वच्छ, अजून एक ओरखडा. मग सहज रिंग ए वरून काढून २.८ वर केली तर शटर खटकन पडलं! मॅन्युअलवर याला सेल लागतच नाही, फक्त मीटर बंद असतो. हे मला आठ महिन्यांपासून माहिती होतं. त्या हॉलमधे तेवढं एक आठवलं असतं तर अंगठीचा फोटो माझ्याकडे असता.

त्यामुळे मत थोडं बदलतेय. आधी मी ऑटोसाठीच हा घ्या म्हणत होते, आता म्हणते उन्हात मॅन्युअलच बरा, १६ वर अॅपर्चर आणि फिल्मच्या एएसएएवढा स्पीड, सावलीत अॅपर्चर दोन-तीन स्टॉप उघडायचं (दर स्टॉपला उजेड दुप्पट). ऑटो फक्त समारंभाला, तेही त्याच दिवशी नवा सेल टाकून. मधे आप्पांनी टाकून दिलेले सेलही वापरून बघितले (फुकट ते पौष्टिक), पण ते इतके उतरलेले की मीटर उलटाच चुकतो, फोटो पांढरट.

लग्न पुढच्या महिन्यात आहे. आप्पांनी सहाच्या कार्डावर दोन सेलना पेनने खूण करून 'कॅमेरा' लिहून ठेवलंय आणि काल जेवताना त्याचे साठ रुपये मागितले.