स्टीम की जीओजी? खानापूरकडच्या गेमरसाठी

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे वीज गेली की इंटरनेटही जातं. तिथल्या पोरांनी गेम कुठून घ्यावा, याचं उत्तर बेळगाव शहरासारखं असू शकत नाही.

स्टीम आणि जीओजी ही कॉम्प्युटर गेम विकणारी दोन ऑनलाइन दुकानं. स्टीमवर गेम भरपूर, किंमत रुपयांत, यूपीआयही चालतं. ऑफलाइन मोड आहे, पण नेट असतानाच लॉगिन करून गेम एकदा चालवून ठेवावा लागतो. शिवाय काही कंपन्या त्यावर आपलं वेगळं लाँचर (गेम सुरू करायचं ॲप) आणि डीआरएम (कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) लादतात. संताप होतो तो इथे. पूर्ण पैसे मोजूनही, एकट्याने खेळायचा गेम सर्व्हरची परवानगी मागतो! युबिसॉफ्ट या गेम कंपनीने 31 मार्च 2024 रोजी 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले, तेव्हा एकट्याने खेळण्याचा भागही गेला. ज्यांनी विकत घेतला होता, त्यांच्याकडे काय उरलं?

जीओजी पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 2008 मध्ये सुरू केलं. तिथला ऑफलाइन इन्स्टॉलर (नेटशिवाय गेम बसवायची फाइल) हार्ड डिस्कवर कायमचा ठेवता येतो. बेळगावात टिळकवाडीला मावशीच्या फायबरवर उतरवायचा, गावी नेऊन टाकायचा, झालं. 'द विचर 3' 2015 पासून तिथे डीआरएमशिवाय मिळतो. मात्र अनेक मोठे गेम तिथे उशिरा येतात किंवा येतच नाहीत, आणि ऑफलाइन इन्स्टॉलर वापरला तर नवा पॅच (गेममधली दुरुस्ती) आपणच उतरवावा लागतो.

मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं तर स्टीम बरं, नेट तसंही लागणारच. कथेचे गेम मात्र मी जीओजीवरच घ्यायला सांगेन. हवा तो तिथे नसेल, तर जीओजीच्या ड्रीमलिस्टवर, म्हणजे लोकांना हव्या असलेल्या गेमच्या यादीवर, मत नोंदवा.